तापातला अशक्तपणा एका अंगाचा नसतो

वाचकाचं पत्र:

'डॉक्टर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझे वडील ६६ वर्षांचे. १२ वर्षांपासून बीपी आणि शुगर आहे, पण शेतावर जाणं-येणं, एकादशीचं भजन, सगळं व्यवस्थित चालू होतं. ऑगस्टमध्ये गावात तापाची साथ होती. बाबांना सोमवारी थंडी वाजून ताप आला, खोकला सुरू झाला, अंग मोडून आलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी व्हायरल आहे म्हणून औषधं दिली. बाबा जेमतेम दोन घास खात होते, एवढ्या गोळ्या एकदम पोटात नकोत असं वाटून मीच बीपीची गोळी चार दिवस थांबवली. शुक्रवारी सकाळी सात वाजता त्यांच्या हातातून चहाचा कप सटकला. बोलणंही जड वाटलं. इतक्या दिवसांचा ताप, पोटात काही नाही, अशक्तपणा असेल म्हणून मी त्यांना झोपवलं. दुपारी तोंड वाकडं दिसलं. आत्या म्हणाली, अंगावरून वारं गेलंय. कुणी तेल चोळलं, शेजारच्या मुलाने मोबाइलवर आलेलं वाचून बोटांची टोकं सुईने टोचली. गाडी मिळून शहरातल्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. तिथे घशाचा स्वॅब घेतला, स्वाइन फ्लू निघाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी आहे, इंजेक्शनची वेळ निघून गेली, असं सांगितलं. आता तीन आठवडे झाले. उजवा हात उचलत नाही, पाय ओढत चार पावलं चालतात. सगळं समजतं, पण शब्द फुटत नाही. आईला हाक मारायला जातात आणि रडू लागतात.

आत्या चारचौघांत म्हणते, तापात ओल्या फडक्याने अंग पुसलंस, वर पंखा लावलास, म्हणून वारं गेलं. मला झोप लागत नाही. हे खरंच तापामुळे झालं का? माझं चुकलं का? आईलाही बीपी आहे, ती ६० वर्षांची आहे, आणि पुण्यात माझ्या ३५ वर्षांच्या भावाला गेले दोन दिवस असाच ताप आहे. त्यांनाही होईल का? फ्लूची लस घ्यावी तर शेजारी म्हणतात लसीनेच लकवा मारतो. आणि बाबा पुन्हा बोलतील का?'

ताई,

आधी आत्याबाईंच्या आरोपाबद्दल बोलते. तुम्ही प्रश्न बरेच विचारलेत, पण झोप उडवली आहे ती याच एका वाक्याने. तापात ओल्या फडक्याने अंग पुसल्याने पक्षाघात होत नाही. पंख्याच्या वाऱ्यानेही होत नाही. आपल्याकडे या आजाराची नावंच अशी आहेत की माणसाचा गैरसमज व्हावा. अर्धांगवायू म्हणतात, अंगावरून वारं गेलं म्हणतात. जुन्या वैद्यकातला वात म्हणजे शरीर हलतं ठेवणारी शक्ती. ती बिघडली की अंग लुळं पडतं असा त्यातला अर्थ. खिडकीतून येणाऱ्या झुळकेशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या बाबांच्या मेंदूला रक्त नेणाऱ्या एका वाहिनीत गुठळी अडकली. ती ना फडक्याने आली, ना पंख्याने. हा परिच्छेद आत्याबाईंना वाचून दाखवा, आणि चारचौघांतच दाखवा.

आता, हे तापामुळे झालं का? हो, फ्लूचा यात हात असण्याची शक्यता मोठी आहे. ही गोष्ट आम्हा डॉक्टर मंडळींना ठाऊक असते, पण तापाच्या रुग्णाला चिठ्ठी लिहून देताना आम्ही ती क्वचितच बोलून दाखवतो. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक रुग्णाची तुलना दुसऱ्या कुणाशी न करता त्याच्याच एरवीच्या काळाशी केली होती. श्वासमार्गाचा संसर्ग झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका त्याच माणसाच्या नेहमीच्या धोक्याच्या सुमारे तिप्पट झालेला दिसला, हृदयविकाराच्या झटक्याचा जवळपास पाचपट. नंतरच्या काही आठवड्यांत तो हळूहळू उतरत पूर्ववत झाला. पुढे कोविड आला तेव्हा स्वीडनमध्ये ८६ हजारांहून जास्त कोविडग्रस्तांच्या नोंदी अशाच रीतीने तपासल्या गेल्या. तिथेही पहिल्या आठवड्यातला धोका सुमारे तिप्पट निघाला. म्हणजे हा काही एकाच विषाणूचा दोष नाही. फ्लू असो, कोविड असो, श्वासमार्गाचा जोरदार संसर्ग मेंदूच्या रक्तवाहिन्यांना काही दिवस धोक्यात आणतो.

असं का होतं? तुमच्या शिवारातला पाट डोळ्यांसमोर आणा. वर्षानुवर्षं त्याच्या कडेला गाळ साचलेला असतो. पाणी शांत वाहतं तोवर तो जागचा हलत नाही. पहिला मोठा पाऊस झाला, लोंढा आला, की तो सुटतो आणि पुढे मोरीच्या तोंडाशी जाऊन बसतो. बीपी आणि शुगर असलेल्या माणसाच्या मानेतल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना आतून चरबीचा असाच थर धरलेला असतो. विषाणूशी लढताना शरीरात जो दाह पेटतो त्याने हा थर सुजतो, त्याला तडे जातात. त्याच वेळी रक्तही जास्त गोठू पाहतं. जखम झाली तर जंतू आत शिरू नयेत म्हणून गुठळी बांधणं आणि जंतूंशी लढणं ही दोन्ही कामं शरीर जोडीनेच करतं. त्यामुळे एक यंत्रणा जागी झाली की दुसरीही जागी होते, मग जखम असो वा नसो. त्यात ताप, घाम, पोटात पाणी नाही, म्हणजे रक्त आणखी दाट. माणूस दिवसचे दिवस अंथरुणावर. काहींच्या हृदयाचे ठोके तापात अनियमित पडू लागतात, हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळतं आणि तिथली गुठळी सुटून थेट मेंदूत जाते. कोविडमध्ये विषाणू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरालाच इजा करत होता आणि गोठण्याची प्रक्रिया फारच भडकत होती, म्हणून तिथे प्रमाण जास्त दिसलं. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांत कोविड घेऊन आलेल्या १९१६ रुग्णांपैकी ३१ जणांना गुठळीचा पक्षाघात झाला होता. त्याच रुग्णालयांत आधीच्या वर्षांत फ्लू घेऊन आलेल्या १४८६ जणांपैकी तिघांना.

हे आकडे मुद्दाम देते आहे, कारण 'तिप्पट' या शब्दाने घाबरायला होतं. रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या फ्लूच्या रुग्णांतही साधारण पाचशेत एक. घरीच बरे होणाऱ्यांत त्याहून कमी. पण ज्या घरात तो एक असतो, त्या घराला पाचशेचा हिशोब सांगून काय उपयोग?

तुमचा पुढचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. माझं चुकलं का? तुम्हाला बरं वाटावं म्हणून 'मुळीच नाही' असं मी लिहू शकते. पण तुम्ही पुढेही आजारी माणसांची शुश्रूषा करणार आहात, आईची, कदाचित पुन्हा बाबांची. म्हणून खरं तेच सांगते.

बीपीची गोळी थांबवायला नको होती. ती घेतली असती तर हे टळलंच असतं असं नाही, गुठळीची बाकीची कारणं होतीच. पण गोळी अचानक बंद केली की बीपी उसळतं, आणि नेमक्या धोक्याच्या दिवसांत ते उसळणं वाईट. आपल्याकडे घरोघरी हेच होतं. तापाच्या गोळ्या सुरू झाल्या की रोजच्या गोळ्यांना सुट्टी मिळते. 'इतक्या गोळ्या गरम पडतील' ही मायेतून आलेली काळजी असते, ती मला कळते. पण बीपीची, रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी तापात तर चुकताच कामा नये. एक अपवाद लक्षात ठेवा. उलट्या-जुलाब होत असतील, माणूस खात-पीतच नसेल, बीपी खाली गेलं असेल, तर बीपीची एखादी गोळी, लघवी जास्त व्हायची गोळी किंवा शुगरच्या काही गोळ्या दोन-चार दिवस कमी कराव्या लागतात. कुठली करायची हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं, आपल्या मनाने ठरवायचं नाही. तुम्हाला हे चिठ्ठी देतानाच सांगायला हवं होतं. ते सांगणं आमचं काम होतं.

आणि सकाळी सात ते रात्री आठ. तेरा तास. हो, त्या तासांनी नुकसान केलं. मेंदूची मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशोब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका गुण जास्त. मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आहे. ती निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करता येते, पण स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवण्याजोगा भाग उरलेला दिसला तरच.

पण ताई, नुकसान झालं आणि तुम्ही दोषी आहात, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या आतल्या पाच कोविड रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाचही जणांना मेंदूच्या मोठ्या वाहिनीचा पक्षाघात झालेला. त्यात एक ३३ वर्षांची बाई होती. आठवडाभर खोकला, डोकेदुखी, थंडी. मग जीभ जड झाली, डावा हात आणि पाय बधिर होऊन ताकद जाऊ लागली. ती २८ तास घरी थांबली, कारण रुग्णालयात जायची तिला भीती वाटत होती. जगातल्या नामांकित रुग्णालयांच्या शहरात राहणारी तरुण बाई २८ तास थांबते. तुम्ही खेड्यात, पावसाळ्यात, गाडी नसताना १३ तासांत पोहोचलात.

मी स्वतः काय केलं तेही सांगते. जून २०२० मध्ये मी कोविड वॉर्डात ड्यूटी करत होते. एक साठीच्या आतले गृहस्थ ऑक्सिजनवर होते. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. दोन दिवस ते डाव्या हाताने जेवत होते, सिस्टरला वाटलं उजव्या हाताला सलाइन आहे म्हणून. बोलत नव्हते, मला वाटलं तोंडावर मास्क आहे म्हणून. मी त्यांचा ऑक्सिजन पाहिला, छाती तपासली, रिपोर्ट वाचले, आणि 'दोन्ही हात वर करा' एवढं म्हटलं नाही. मेंदूच्या आजारांची डॉक्टर असून नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि ती ओरडली, 'बाबांचं तोंड वाकडं का दिसतंय?' तोवर उशीर झाला होता. ताप दिसत असला की बाकी सगळं त्या तापाच्या खात्यावर मांडलं जातं. माझ्यासारखीकडून ते घडलं, मग तुम्हाला कसा बोल लावू?

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट भेटेल त्याला सांगते. तापातला अशक्तपणा दोन्ही बाजूंचा असतो. फ्लू झालेल्या माणसाचे दोन्ही हात गळून जातात, दोन्ही पाय थरथरतात, बोलायचा कंटाळा येतो पण शब्द नीट येतात. एकाच हातातून कप सटकला, एकाच पायातली चप्पल नकळत गळून पडली, तोंडाचा एकच कोपरा खाली आला, जीभ अडखळली, समोरचा काय बोलतो ते कळेनासं झालं, एका बाजूचं दिसेना, उभं राहताच तोल एका अंगाला गेला, तर तो अशक्तपणा नाही. अचानक आलेलं आणि एका बाजूचं, मग ताप १०३ असला तरी.

म्हणून घरात बीपी, शुगर, हृदयविकार असलेल्या किंवा पूर्वी लकवा होऊन गेलेल्या माणसाला फ्लूसारखा ताप आला, की थर्मामीटर लावायच्या वेळीच आणखी एक मिनिट काढा. दात दाखवायला सांगा, दोन्ही गाल सारखे हलतात का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावा, दहा आकडे मोजा, एक हात खाली घसरतो का बघा. मग एक वाक्य म्हणून घ्या, 'आज बाजारातून भाजी आणायची आहे' असलं काहीही. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा, ताप जाऊन आठवडा होईपर्यंत. यात रात्रीची वेळ फार मोलाची. सकाळी उठल्यावर हात लुळा दिसला तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, 'शेवटचे धड कधी होते?' रात्री दहा वाजता दोन्ही हात नीट उचलले होते, हे तुम्हाला ठामपणे सांगता आलं तर उपचाराचा निर्णय सोपा होतो.

काही वावगं दिसलं तर घड्याळ बघून वेळ कागदावर लिहायची आणि १०८ ला फोन लावायचा. गाडी हाताशी असेल तर निघायचंच. पण जवळच्या दवाखान्यात नाही. जिथे सीटी स्कॅन आहे आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात अशा ठिकाणी. आज बरं आहे तोवरच चौकशी करून ठेवा, तुमच्या गावाहून असं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, आणि नंबर भिंतीवर लिहा. शुगरच्या माणसाची निघण्याआधी बोट टोचून शुगर बघितली तर बरं. उपाशीपोटी शुगरची गोळी पडून शुगर फार उतरली तरी लकव्यासारखीच लक्षणं दिसतात. पण घरात मशीन नसेल तर त्यासाठी थांबू नका.

मोबाइलवर फिरणाऱ्या त्या सुई टोचण्याच्या संदेशाने मला फार संताप येतो. वर्षानुवर्षं तो नवा होऊन येतो आणि दर वेळी कुणाचे तरी मोलाचे तास खातो. बोटाच्या टोकातून चार थेंब रक्त काढून मेंदूतली गुठळी हलत नाही. तेल चोळणं, कांदा हुंगवणं, कबुतराचं रक्त लावणं, कशानेच नाही. चहा-पाणी पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते, घोट श्वासनलिकेत जातो आणि वर न्यूमोनिया होतो. बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. गुठळीपलीकडे रक्त ढकलायला मेंदूला त्या घटकेला तो दाब लागत असतो. आणि छातीत दुखल्यावर देतात तशी अ‍ॅस्पिरिन इथे घरच्या घरी द्यायची नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून मलाही सांगता येत नाही, ते सीटी स्कॅनलाच कळतं. रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिन घात करील.

लक्षणं अर्ध्या तासात आपोआप गेली तरी जायचंच. तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो. अशा इशाऱ्यानंतर तीन महिन्यांत ज्यांना पक्षाघात होतो, त्यांतल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच होतो.

एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण आपल्या भागात ती विसरून चालत नाही. ताप चार-पाच दिवसांचा नसून दोन-तीन आठवडे रेंगाळलेला असेल, डोकं सतत दुखत असेल, उलट्या, बडबड, आणि मग एक बाजू लुळी पडली, तर तो फ्लू नव्हे. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग असाच वागतो. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला तरी लांबलेला ताप आणि मग लकवा असं चित्र दिसतं. उपचार वेगळे, पण तेव्हाही निघायचं तितक्याच घाईने.

आता पुण्याच्या भावाबद्दल. पस्तिशीचा, बीपी-शुगर नसलेला माणूस. त्याचा धोका अगदी कमी आहे. त्याला घाबरवू नका, फक्त वरची एका बाजूची खूण सांगून ठेवा. त्या पाच न्यूयॉर्ककर रुग्णांतले सगळे ३३ ते ४९ वयाचे होते, तेव्हा तरुणपणाच्या भरवशावर हात लुळा पडलेला घरी झोपून काढू नये, एवढंच. दम लागला, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर मात्र डॉक्टरांकडे. तंबाखू-सिगारेट असेल तर निदान या पंधरवड्यात तरी सोडायला सांगा, आणि एकदा सुटलीच तर पुन्हा धरू देऊ नका. आणि बरा होईपर्यंत गावाकडे येऊ नको म्हणावं. बाबांना भेटायची ओढ असली तरी.

आईंची मात्र मला जास्त काळजी आहे. वय, बीपी, आणि आता रात्रंदिवस बाबांपाशी बसणं. त्यांना ताप-खोकला आला तर 'दोन दिवस वाट पाहू' करू नका. फ्लूवरची विषाणूरोधक गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर तिचा गुण जास्त येतो. ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची असते. तापाला साधी पॅरासिटॅमॉल पुरते, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नको. मेडिकलमधून 'सर्दीची गोळी द्या' म्हणून आणलेल्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि बीपी वाढवतं. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही बीपी वाढतं, आणि तापाच्या दिवसांत त्या घेतल्याने हृदय आणि मेंदूचा धोका वाढतो असं दिसलं आहे. बीपीच्या माणसाने मेडिकलवाल्याला आधी 'मला बीपी आहे' सांगायचं आणि मग गोळी मागायची. पाणी, पेज, ताक, सूप, जे घशाखाली उतरेल ते दर तासाला थोडं-थोडं. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेलं नसेल तर. अंथरुणात पडल्या पडल्याही पाय हलवत राहायचं.

लसीचं म्हणाल तर तुमच्या शेजाऱ्यांची भीती कुठून आली ते मी समजू शकते. २०२१ मध्ये कोविडच्या एका प्रकारच्या लसीनंतर जगभरात फार थोड्या लोकांना एक विशिष्ट रक्तगुठळीचा आजार झाला होता. ते खरं आहे, दडवण्यासारखं काही नाही. पण फ्लूची लस त्या जातीची नाही. मघाशी सांगितला त्या २००४ च्या ब्रिटिश अभ्यासात लसीही तपासल्या होत्या. फ्लूच्या लसीनंतर पक्षाघाताचा धोका वाढलेला आढळला नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात चाळीस लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी पाहून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर लस घेतलेल्यांमध्ये पक्षाघात एक-पंचमांशाहून थोडा अधिकच कमी दिसला. लस घेणारी माणसं एरवीही तब्येत जास्त जपतात, त्याचा काही वाटा यात असणार. तरीसुद्धा तुमच्या आईंसाठी माझं मत स्पष्ट आहे, घ्यावी. दर वर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर करतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोकं वर काढतो. एरवी मी एप्रिल-मेमध्ये घ्यायला सांगते, पण आता घेतली तरी हिवाळ्याच्या लाटेत उपयोगी पडेल. बाबांनाही द्यायची, पुढच्या तपासणीला गेलात की तिथल्या डॉक्टरांना दिवस विचारून. न्यूमोनियाच्या लसीचंही त्याच वेळी विचारा.

बाबांच्या त्याच तपासणीत आणखी एक विचारा. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे पाहायला ईसीजी आणि हृदयात गुठळी आहे का हे पाहायला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली आहे का, आणि चोवीस तास ठोके नोंदवणारं मशीन लावायची गरज आहे का. तापात काही वेळापुरते बिघडलेले ठोके एका ईसीजीत सापडत नाहीत, आणि तसं काही निघालं तर औषध बदलतं. सध्या दिलेल्या गोळ्या, रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, एकही दिवस चुकवू नका. दुसरा झटका पहिल्या काही आठवड्यांतच येण्याची शक्यता जास्त असते.

व्यायाम सुरू असेलच. फिजिओथेरपिस्ट रोज येत नसतील तर त्यांनी दाखवलेले प्रकार मोबाइलवर चित्रित करून ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे-थोडे करा. बाबांना उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नका. स्नायू ढिले पडलेले असतात, खांदा निखळतो आणि मग कळा सुरू होतात. बसले असताना त्या हाताखाली उशी द्या. जेवताना ताठ बसवा, घास लहान, आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, दुर्लक्ष करू नका. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. तुमचे तीनच आठवडे झालेत. चालायला लागलेत ही चांगली खूण आहे. हाताला पायापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यांचं रडणं निव्वळ दुःख नसतं, पक्षाघातानंतर नैराश्य येतं आणि त्यावर औषध असतं. तेही विचारा.

आणि बोलणं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, म्हणून उजवी बाजू आणि वाणी एकदमच गेली. समजतं सगळं, शब्द सापडत नाही. तेव्हा त्यांच्याशी मोठ्याने किंवा लहान मुलासारखं बोलू नका, ते बहिरे नाहीत. एका वेळी एकच प्रश्न, 'चहा हवा की दूध?' असा, आणि मग गप्प राहून थांबायचं. वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. शहरात वाचा-उपचार तज्ज्ञ असतील तर आठवड्यातून एकदा का होईना जा.

तुम्ही लिहिलंत की ते एकादशीचं भजन करायचे. हे फार उपयोगाचं आहे. बोललेला शब्द ज्यांना फुटत नाही, अशा कितीतरी रुग्णांना पाठ असलेलं गाणं शब्दांसह म्हणता येतं, कारण सुरांचं काम मेंदूची उजवी बाजूही करते आणि ती बाबांची शाबूत आहे. त्यांच्या डाव्या बाजूला बसा, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायला लावा आणि सर्वांत सोपा, लहानपणापासूनचा अभंग संथपणे सुरू करा. पहिले काही दिवस नुसता हुंकार येईल. मग ओळीचा शेवटचा शब्द येईल. तो येऊ लागला की त्याच चालीवर आईंचं नाव बसवा, 'पाणी दे' बसवा. भजनी मंडळातल्या एक-दोघांना संध्याकाळी बोलवा, बाबांच्या डाव्या हातात चिपळी द्या. ज्याला त्या दिवशी सर्दी-खोकला असेल त्याने मात्र दारातूनच नमस्कार करून जावं.